‘हात वर जात नाही’ याच्या पुढे

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

फिजिओथेरपीच्या इंटर्नशिपमध्ये तुझ्याकडे येणाऱ्या खांद्याच्या बहुतेक रुग्णांच्या कागदावर ‘फ्रोजन शोल्डर’ (सांध्याभोवतीचे वेष्टन आखडून खांदा ताठरणे) असेच लिहिलेले असते आणि तरीही तेच व्यायाम सगळ्यांना लागू पडत नाहीत, ही तुझी तक्रार रास्त आहे. डॉक्टरांनी आजाराला नाव दिल्यावर आपले काम सुरू होते. कोणती हालचाल नेमकी कुठे आणि कशामुळे अडते हे आपल्याला ठरवायचे असते, आणि त्यासाठी एमआरआयचा अहवाल पुरत नाही. साठी ओलांडलेल्या कित्येकांच्या खांद्यातली कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, अहवालात फाटलेली दिसते आणि त्यांना त्याचा काही त्रासही नसतो.

पन्नाशीची एखादी बाई ‘हात वर जात नाही, ब्लाऊजचा हूक लागत नाही’ असे सांगते, तेव्हा प्रथम तिला स्वतःहून हात वर करायला सांग आणि तू तिच्या पाठीमागे उभी राहून पाहा. मग तिला उताणे निजवून तोच हात तू सावकाश उचल. तिचा तिने उचललेला हात ९० अंशांवर थांबत असेल, पण तुझ्या आधाराने पुरता वर जात असेल, तर सांधा मोकळा आहे. दोष स्नायूत, कंडरेत, मज्जातंतूत किंवा निव्वळ दुखण्याच्या धास्तीत शोधायचा. दोन्ही वेळा हात एकाच जागी अडत असेल, तर कोपर कुशीला टेकवून आणि काटकोनात वाकवून हात बाहेरच्या बाजूला फिरवून पाहा. फ्रोजन शोल्डरमध्ये ही बाहेरची फिरकी सहसा सर्वांत जास्त आखडते, आणि ती दुसऱ्या खांद्याइतकीच मोकळी असेल तर ते निदान मान्य करायला माझे मन तयार होत नाही. मात्र सांध्याची झीज झाली असेल, किंवा फिट अथवा विजेचा धक्का येऊन सांधा मागच्या बाजूला निखळला असेल, तरीही हीच फिरकी जाते; म्हणून एक्स-रे पाहिल्याशिवाय हाताला जोर लावू नकोस.

पाठीमागून पाहायला सांगितले त्याचे कारण खांद्याचे पाते. हात १८० अंशांपर्यंत वर जातो, त्यात ढोबळमानाने १२० अंश मुख्य सांध्याचे आणि ६० अंश पात्याच्या फिरण्याचे असतात. हात उचलताच खांदा कानाकडे चढू लागला, तर सांध्याची उणीव पाते भरून काढत असण्याचा संभव असतो. अशा वेळी पात्याभोवतीच्या स्नायूंना नुसते बळकट करत बसण्यात अर्थ नाही, आधी सांधा मोकळा करायला हवा. याउलट सांधा मोकळा असून हात वर नेताना दुखत असेल, तर हात उचलला जात असताना पात्याचे खालचे टोक तू आपल्या हाताने बाहेर आणि वर सरकव. तेवढ्याने दुखणे कमी झाले, तर सेरेटस अँटिरियर आणि ट्रॅपिझियस या पाते फिरवणाऱ्या स्नायूंकडे वळावे. ही चाचणी मला फार आवडते, कारण तपासणी आणि उपचाराची पहिली पायरी तिच्यात एकत्रच येतात.

उपचारांविषयी माझे मत थोडे कडक आहे. शेक, आयएफटी (विजेच्या सौम्य प्रवाहाचा उपचार) आणि अल्ट्रासाउंड यांच्या दहा सिटिंग देऊन रुग्णाला घरी पाठवण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. त्याने घटकाभर बरे वाटते, पण आखडलेले वेष्टन सैल होत नाही. वेष्टनाला दाह असलेल्या सुरुवातीच्या काळात, म्हणजे रात्री कुशीवर झोपताही येत नाही तेव्हा, जोराने ताणल्यास दुखणे वाढते. तेव्हा हाताने सांधा हलवण्याच्या मेटलंड पद्धतीतल्या पहिल्या-दुसऱ्या श्रेणीचे हलके झोके, लंबकासारखा व्यायाम आणि डॉक्टरांना योग्य वाटल्यास स्टेरॉइडचे इंजेक्शन, एवढे पुरे. दुखण्यापेक्षा ताठरपणा अधिक जाणवू लागला की तिसऱ्या-चौथ्या श्रेणीकडे जा. व्यायामानंतरचे दुखणे किती वेळ टिकले हे दर वेळी विचार; ते रात्रभर राहिले असेल तर मात्रा कमी कर. मधुमेह असलेल्यांत हा आजार अधिक आढळतो आणि रेंगाळतोही, तेव्हा साखरेची चौकशी पहिल्याच दिवशी कर, आणि बरे व्हायला महिने, कधी दोन-तीन वर्षेही लागतात हे रुग्णाला स्पष्ट सांग.

प्रत्येक उपचाराच्या आधी आणि नंतर तीच एक हालचाल गोनिओमीटरने, म्हणजे सांध्याचे अंश मोजण्याच्या साधनाने, मोज. पाचेक अंशांचा फरक मोजण्यातलाही असू शकतो, त्यावर हुरळून जाऊ नये. मान वळवल्यावर खांद्यातली कळ वाढत असेल तर मान तपास. कोणत्याही स्थितीत न थांबणारे रात्रीचे दुखणे, कारणाशिवाय घटलेले वजन, किंवा चालताना डाव्या खांद्यात येणारी आणि थांबल्यावर जाणारी कळ आढळली, तर व्यायाम न देता रुग्णाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठव.

पुढच्या पत्रात तुझ्या सध्याच्या रुग्णांच्या बाहेरच्या फिरकीचे अंश, दोन्ही खांद्यांचे, लिहून पाठव. मग व्यायामांविषयी बोलू.

तुझे सर