रिसेप्शनला केक कटिंग कधी ठेवावं आणि ३०० माणसांना ५ किलो केक पुरेल का?

५ किलो ३०० माणसांना पुरणार नाही आणि हॉलवाल्यांनी सुचवलेला थर्माकोलचा डमी केक घेऊ नका. हे आधीच सांगून टाकते कारण पुढे मी बरंच लिहिणार आहे. तुम्ही लिहिलंय की आमच्यात केकची पद्धत नाही, होणाऱ्या बायकोची हौस आहे म्हणून फोटोपुरता ठेवायचाय. तो "फोटोपुरता" शब्द वाचला आणि राहवलं नाही.

मी वसईची, पापडीजवळची, ख्रिश्चन. आमच्याकडे नवरानवरी हॉलमध्ये आले की केक, मग टोस्ट म्हणजे ग्लास उंचावून शुभेच्छा, मग पहिला डान्स आणि मग बाकीचं सगळं. माझी आई नात्यातल्या लग्नांचे केक घरी करते, गेली तीसेक वर्षं. पैसे घेत नाही, सामानाचे देतील तेवढेच. आजीच्या वेळी घरात ओव्हन नव्हता तेव्हा पीठ कालवून ट्रे बेकरीच्या भट्टीवर न्यायचे, तिथून आई शिकली.

२०१३ च्या मे महिन्यात माझ्या मोठ्या भावाचं लग्न होतं. आईने फेब्रुवारीतच मनुका, बेदाणे, चेरी, संत्र्याची साल असं सगळं बारीक चिरून रममध्ये भिजत घातलं. दर आठवड्याला बरणी उघडून ढवळायची आणि आम्हाला वास द्यायची. एप्रिलच्या शेवटी केक भाजले, जवळजवळ पाच डझन अंडी, साखर जाळून काळा पाक केला रंगासाठी, तीन दिवस घरात दुसरं काही शिजलंच नाही म्हटलं तरी चालेल. १२, ९ आणि ६ इंचाचे तीन मजले, नुसता केक साधारण ८ किलो, त्यावर काजूचं मार्झिपान, म्हणजे काजूपूड आणि साखरेचा लाटलेला थर, आणि वर पांढरं रॉयल आयसिंग, म्हणजे अंड्याचा पांढरा बलक आणि पिठीसाखरेचा कडक होणारा थर. शिवाय त्याच पिठाचे ट्रे, ६ किलोचे, मागे कापून वाढायला. हिशोब साधा होता. फ्रूट केक जड असतो, ४० ग्रॅमचा तुकडा माणसाला पुरतो, म्हणजे किलोला २५. १४ किलो म्हणजे साडेतीनशे तुकडे आणि पाहुणे साडेतीनशे. आईने वहीत लिहून ठेवलं होतं.

कार्यक्रम ठरवायचं काम थोरल्या काकांकडे होतं. ते म्हणाले लोक लांबून आलेत, भुकेलेले आहेत, आधी जेवण सुरू करू, स्टेजवर भेटीगाठी होऊ देत, डान्स होऊ दे, केक शेवटी, तेव्हा सगळे निवांत असतात. आई म्हणाली भाऊजी, केक आधी कापतात. ते म्हणाले वहिनी तुम्ही स्वयंपाकाचं बघा, कार्यक्रमाचं मी बघतो. आई गप्प बसली आणि तेव्हा मीही काही बोलले नाही, ते मला अजून टोचतं.

मे महिना, समुद्रालगतचं गाव, उघड्या मैदानावर मांडव. केक संध्याकाळी सहाला टेबलावर मांडला, वर हॅलोजनचा फोकस. साखर हवेतलं पाणी ओढते, त्यामुळे आयसिंगला घाम फुटायला लागला आणि बाजूने लावलेली साखरेची फुलं एकेक करून खाली सरकली. आई दर दहा मिनिटांनी जाऊन ती परत चिकटवत होती, नवीन साडीत, मुलाच्या लग्नात! पावणेदहाला केकची घोषणा झाली कारण दहाला स्पीकर बंद करावा लागतो. मुंबईहून आलेले वसई रोडवरून लोकल गाठायची म्हणून केव्हाच निघाले होते. भावाने वहिनीला भरवला, वहिनीने भावाला, फोटो झाले, टाळ्या झाल्या आणि सगळे स्टेजवरून उतरले. पुढे तो केक कोणी कापायचा आणि कोणी वाटायचा हे कोणाला सांगितलंच नव्हतं. केटररची पोरं भांडी आवरत होती. मागच्या खोलीतले ट्रे तर उघडलेसुद्धा नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने तो सगळा केक घरच्या टेबलावर कापला. मी आणि मावशीने बटर पेपरमध्ये तुकडे बांधले, दुपार झाली. पप्पा दोन दिवस स्कूटरवरून गल्लोगल्ली वाटत होते. काका आले आणि म्हणाले, फुकट तर नाही ना गेला, मग झालं. माणसं मोठी आहेत, प्रेमाची आहेत, पण ते वाक्य चूक होतं आणि आजही कोणी म्हटलं तर मी भांडेन. फेब्रुवारीपासून केलेली गोष्ट तिच्या वेळेला, सगळे समोर असताना खाल्ली जाते यालाच तर अर्थ आहे. नवराबायकोने कापलेला केक तिथेच सगळ्यांच्या तोंडात पडतो, म्हणजे पाहुणे त्यांच्या आनंदात सामील झाले. मागाहून पुडीतून आलेला केक तो नाही.

म्हणून तुम्हाला सांगते, एन्ट्री झाली की पंधरा मिनिटांच्या आत केक कापा. भेटायची रांग लागायच्या आधी. एकदा ती रांग लागली की दोन तास तुम्ही हलू शकत नाही आणि तुमच्यात तर आहेर, फोटो सगळं तिथेच असतं. लोक भुकेले असतात हे काकांचं म्हणणं खरं धरलं तरी केकचा तुकडा हातात असला की माणूस शांतपणे थांबतो, उलट सोयीचंच आहे.

आणि सुरी एका माणसाच्या हातात द्या, नाव घेऊन. वऱ्हाडातलं कोणीतरी, आत्या, मामी, ज्यांना लाजबीज नाही. नुसतं "केटरर बघेल" म्हणाल तर कोणी बघत नाही. त्यांना आधी सांगा की वाढदिवसासारखे त्रिकोणी तुकडे पाडायचे नाहीत, एकेक इंचाच्या सरळ पट्ट्या कापायच्या आणि मग त्यांचे बोटाएवढे तुकडे. सुरी गरम पाण्यात बुडवून पुसत राहायची. मजल्यांचा केक असेल तर वरचे मजले आधी उतरवायचे, आत काठ्या किंवा जाड स्ट्रॉ घातलेले असतात ते मोजून काढायचे, नाहीतर कोणाच्या तरी ताटलीत जातील.

तुम्ही बहुतेक क्रीमचा केक घेणार. तो हलका असतो, ४० ग्रॅमचा तुकडा ताटलीत उभाही राहत नाही, ६० धरा. ३०० माणसांना १८ किलो झाला. एवढा स्टेजवर नको, ३ किलोचा सुंदर दिसणारा पुढे ठेवा आणि बाकीचा त्याच फ्लेवरचा ट्रेमध्ये, मागे आधीच कापून तयार. डमीपेक्षा हे कितीतरी बरं. डमीत एका खाचेत खरा तुकडा बसवलेला असतो, तेवढाच कापायचा, बाकी सगळं थर्माकोल. पाहुण्यांसमोर खोटी वस्तू मांडून तिला सुरी लावायची, मला हे पटत नाही.

तलवार, धूर, तोंडाला केक फासणं यातलं काही करू नका. नवरी दोन तास मेकअपला बसलेली असते.

अजून एक, हे आधी लिहायला हवं होतं. तुमच्याकडे अंडं न खाणारे बरेच असतील तर सगळाच एगलेस करा, दोन प्रकार ठेवले की वाढताना मिसळतात आणि मग कोणाच्या तरी आजीला वाईट वाटतं. फ्रूट केक घेतलाच तर रम आहे का विचारा आणि लोकांना सांगा. हॉल एसी नसेल तर क्रीमचा केक कापायच्या तासभर आधीच आणा, त्याच्या आधी नाही. आणि बजेटच नसेल तर २ किलोचा आणून फक्त दोन्हीकडच्या घरच्यांनी खा, त्यातही काही कमी नाही, फक्त मग स्टेजवर मिरवू नका.

फ्लेवर कुठला ते तुम्ही लिहिलंच नाहीये. हौस तिची आहे, तर आज तिला विचारा आणि ती सांगेल तोच ठरवा.