माझी इच्छा आणि देवाची इच्छा एकच आहे, हे कसं ओळखायचं?

प्रभूमध्ये सलाम. तुम्ही विचारलंय की कॅनडाला जायची फार इच्छा आहे, फाइल टाकलीय, उपास-प्रार्थना चालू आहे. पण ही देवाची इच्छा की नुसती माझी हौस, आणि देवाकडे यश मागणं चूक आहे का?

मी निवृत्त नर्स आहे, मूळची नगरची. तुमच्यासारखीच मीही एकदा वाट बघत बसले होते.

१९९६ सालची ३१ डिसेंबरची रात्र. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वर्षअखेरच्या उपासनेत बायबलमधल्या वचनांची कार्डं देतात, तुमच्याकडेही देत असतील. ताटलीत पालथी कार्डं, रांगेने जायचं, एक उचलायचं. मला यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९:११ आलं. देवाचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. कुवेतच्या नोकरीचा अर्ज मी नुकताच भरला होता. झालं! कार्ड कपाटाच्या आरशात खोचलं आणि दिनारचे रुपये करत बसले.

इंटरव्ह्यू पास झाले, मेडिकलला अडकले. लहानपणी टीबी झाला होता. तो कधीच बरा झाला होता, पण छातीच्या एक्स-रेत डाग राहिला होता. शेरा, अनफिट. एजंटकडचा एक माणूस हळूच म्हणाला, "सिस्टर, दुसऱ्या बाईचा एक्स-रे तुमच्या नावावर काढू. थोडा खर्च येईल."

हसू नका, पण दोन दिवस मी त्यावर प्रार्थना केली. प्रभू, हा तूच उघडलेला दरवाजा तर नाही ना? तिसऱ्या दिवशी नाही म्हणून आले. त्यात निम्मी पकडलं जाण्याची भीती होती, उगाच साधुपणा मिरवत नाही. पण आज वाटतं, त्या एका गोष्टीत देवाची इच्छा काय हे कळायला उपासाची गरजच नव्हती. खोटं बोलू नको, एवढं लहानपणी संडे स्कूललाच शिकवलं होतं.

आणि तो एक्स-रे खपला असता तर? मी मंडळीत उभी राहून साक्ष दिली असती, प्रभूने अशक्य ते शक्य केलं! म्हणून सांगते, काम झालं म्हणजे देवाची इच्छा होती आणि फसलं म्हणजे नव्हती, हा हिशेब मला पटत नाही. 'तुमचा विश्वास कमी पडला' असं म्हणणाऱ्यांचा तर मला रागच येतो. प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारा त्रास, काढ म्हणून देवाला तीनदा विनवलं, तो निघाला नाही. त्याचा विश्वास कमी होता म्हणायचं का?

माझ्या कार्डावरचं वचनही मी पुढे नीट वाचलं. ते बाबेलात बंदिवान होऊन गेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातलं आहे. त्याच्या लगेच आधीच्या ओवीत सत्तर वर्षं म्हटलंय. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना आपलं यरुशलेम शहर परत दिसणारच नव्हतं. त्यांना सांगितलं काय, तर घरं बांधा, बाग लावा, मुलांची लग्नं करा, ज्या शहरात आहात त्याच्या हितासाठी प्रार्थना करा. हे कार्डावर छापत नाहीत.

इच्छेबद्दल म्हणाल तर मला बायबलमधल्या दावीद राजाची गोष्ट सगळ्यात जवळची वाटते. त्याला देवासाठी मंदिर बांधायचं होतं. इच्छा चांगली होती, नाथान संदेष्टाही आधी हो म्हणाला. त्याच रात्री देवाने नाही म्हटलं, तुझा मुलगा बांधील. पण पुढे १ राजे या पुस्तकाच्या ८व्या अध्यायात त्याचा मुलगा शलमोन सांगतो की देव दाविदाला म्हणाला होता, हे तुझ्या मनात आलं हे चांगलं केलंस. नकार मिळाला, तरी इच्छेला नावं ठेवली नाहीत. आणि दावीद रुसून बसला नाही. त्याने गंधसरूची लाकडं जमवली, दारांच्या खिळ्यांसाठी लोखंड जमवलं. आपण राहणार नाही त्या इमारतीचे खिळे!

आपल्याकडे पंडिता रमाबाईंचं बघा. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर व्हायला. कानांनी कमी ऐकू येत होतं म्हणून ते राहिलं. पुढे १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन, मग केडगावचं मुक्ती मिशन, दुष्काळातल्या शेकडो मुली, मूळ भाषांवरून केलेलं बायबलचं भाषांतर. म्हणून देवाने मुद्दाम बहिरेपण दिलं, असं कुणी म्हटलं तर मी तिथून उठून जाईन. मला एवढंच दिसतं की एक दार लागलं तेव्हा बाई दारात बसून राहिल्या नाहीत.

माझं काही तसं मोठं झालं नाही. इथल्याच हॉस्पिटलात निवृत्त झाले. कुवेतला गेलेल्या मैत्रिणीचा बंगला बघितला की अजून थोडं पोटात दुखतं.

तेव्हा कॅनडा हवाय तर तसंच सरळ मागा. 'तुझी इच्छा असेल ते कर' म्हणत मनातली गोष्ट लपवू नका, त्याला काय ती कळत नाही? क्रूसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू येशूने 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' म्हणण्याआधी आपल्याला काय हवंय ते स्पष्ट सांगितलं, की हा प्याला, म्हणजे हे दुःख, टळो. तेही एकदा नाही, तीनदा प्रार्थना केली. मागून झालं की फाइलमध्ये अनुभवाची वर्षं खरी लिहिलीत का ते तपासा, आणि घरी कोणाला मागे ठेवून जाताय त्यांच्याशी बोला. तुम्ही प्रश्नात आई-वडिलांचा उल्लेखच केला नाहीत, तो मला खटकला.

फाइलचं काय झालं ते कळवा. मी प्रार्थना करीन, आणि व्हिसा मिळावा म्हणूनच करीन.