आई-बाबांना ग्रँड कॅन्यन दाखवायचं असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लास वेगासहून एका दिवसात ग्रँड कॅन्यन होईल का, सोबत सत्तरीचे आई-बाबा आहेत, आणि नुसती दरी बघायला एवढं जावं का. मी चारदा जाऊन आलोय. पहिल्या खेपेला नेमका तुमचाच बेत केला होता आणि तो पार फसला, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी एक घोळ मिटवू. वेगासच्या बसवाल्यांचा 'वेस्ट रिम', म्हणजे काचेचा स्कायवॉक असलेला भाग, नॅशनल पार्कात येतच नाही. ती हुआलापाई या मूळनिवासी लोकांची जमीन, तिकीटही वेगळं. वाईट नाही, पण तुमच्या डोक्यातलं चित्र साउथ रिमचं, म्हणजे दरीच्या दक्षिण काठाचं आहे. तो वेगासहून साधारण ४५० किलोमीटर, एका बाजूला साडेचार तास. म्हणजे नऊ तास गाडीत आणि भर दुपारी दीड-दोन तास काठावर. दुपारी सावल्या गेल्या की दरी कॅलेंडरवरच्या चित्रासारखी चपटी दिसते. एक रात्र मुक्काम कराच. जमत नसेल तर या वेळी राहू द्या.

आई-बाबांना 'ट्रेल ऑफ टाइम'वर न्या. यावापाई संग्रहालयापासून काठाकाठानं जाणारी बांधीव, सोपी वाट. दर मीटरला पितळी खूण, एक मीटर म्हणजे आजपासून दहा लाख वर्षं मागे. बाजूला दरीतल्या थरांचे खरे दगड मांडलेत, हात लावून बघायचे. कोलोरॅडो नदीनं ही दरी मुख्यतः गेल्या ५०-६० लाख वर्षांत कोरली, म्हणजे पाच-सहा पावलांत नदीचं काम आटोपतं. ६६ व्या मीटरपाशी मी माझ्या बाबांना थांबवलं: इथे आपल्या सह्याद्रीचा कातळ तयार होत होता. आणि आपण ज्यावर उभे असतो तो काठावरचा कैबाब चुनखडक येतो थेट २७० च्या आसपास. इथला सगळ्यात वरचा थरसुद्धा आपल्या काळ्या कातळाच्या चौपट म्हातारा! तळातला विष्णू शिस्ट तर १७०० च्याही पुढे. काळपट, अभ्रकासारखा चमचमणारा दगड. नाव सांगितल्यावर आईनं त्याला हात लावून नमस्कारच केला. हो, विष्णू आपलाच. क्लॅरेन्स डटन नावाच्या भूशास्त्रज्ञानं १८८० च्या सुमारास इथल्या शिखरांना विष्णू, शिव अशी नावं दिली, त्यातलं विष्णूचं पुढे खडकालाही चिकटलं.

आई-बाबा बाकावर बसले की तुम्ही साउथ कैबाब वाटेनं थोडं खाली उतरा. वाटेच्या सुरुवातीपर्यंत पार्कची फुकट शटल बस जाते, खासगी गाडी चालत नाही. ऊ-आ पॉइंट दीड किलोमीटरच्या आत आहे (नाव खरंच तसं आहे, आणि तोंडून निघतंही तेच). काठावरून जे रंगाचे पट्टे वाटतात ते तिथे भिंती होऊन अंगावर येतात.

पण आपली गड चढायची सवय इथे दगा देते. गडावर दमलात तर परतीला उतार असतो, इथे दम संपतो तेव्हा सगळा चढ शिल्लक असतो. त्यात काठच समुद्रसपाटीपासून २१०० मीटरवर, धाप लवकर लागते. मी जूनमध्ये एक लिटरची बाटली घेऊन सीडर रिजपर्यंत, म्हणजे सुमारे ३४० मीटर खाली गेलो. या वाटेवर पाणी कुठेच मिळत नाही. उतरायला पाऊण तास, चढायला दोन, आणि शेवटचं पाणी एका अनोळखी जोडप्यानं दिलं. उन्हाळ्यात दहा ते चार या वेळात उतरू नका.

नॉर्थ रिम विसरा. २०२५ च्या वणव्यात तिथलं लॉज जळालं, आणि हिवाळ्यात रस्ता बंदच असतो. खारींना काही खाऊ घालू नका, मनाई आहे आणि त्या चावतातही.

आकाशात मोठं गिधाड दिसलं तर दुर्बिणीतून पंख बघा. नंबराचा बिल्ला असेल तर तो कॅलिफोर्निया कॉन्डोर. १९८२ मध्ये जगात २२ उरले होते. १९९६ पासून ॲरिझोनात, म्हणजे ग्रँड कॅन्यनच्याच राज्यात, परत सोडायला लागले. आमच्या डोक्यावरून एक इतका जवळून गेला की पंखांचा आवाज आला.

कोणत्या महिन्यात जाताय तेवढं कळवा. डिसेंबर-जानेवारी असेल तर वाटेवर बर्फ असतो, बुटांना लावायचे खिळे घ्यावे लागतील.