रात्रीची खडीसाखर बंद करा

प्रश्न : माझे यजमान ६१ वर्षांचे आहेत. डाव्या गालाच्या कॅन्सरचे ऑपरेशन होऊन, त्यानंतरचे रेडिएशनचे (किरणोपचाराचे) तीस शेक पूर्ण झाल्याला आता सात महिने झाले. परवाच्या तपासणीत डॉक्टरांनी सगळे ठीक असल्याचे सांगितले. दिवसा ते बरे असतात, पण रात्री तीन-चार वेळा जीभ टाळूला चिकटून त्यांना जाग येते. मी उशाशी पाण्याचा तांब्या ठेवते आणि झोपताना जिभेखाली खडीसाखरेचा खडा देते, त्याने घटकाभर बरे वाटते. माझी झोपमोड नको म्हणून गेले पंधरा दिवस ते बाहेरच्या खोलीत झोपतात. आजार उलटला तर नाही ना? की ही कोरड आता जन्माचीच?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, तुमच्या मनातल्या भीतीचे उत्तर आधी देते. नुसते तोंड कोरडे पडणे हे आजार उलटल्याचे लक्षण नव्हे. ती उपचारांची मागे राहिलेली खूण आहे, आणि ती रात्रीच का छळते यालाही कारण आहे. आपण चावतो तेव्हा कानापुढच्या ग्रंथी जोरात लाळ सोडतात. एरवी मात्र तोंड ओले ठेवण्याचे काम मुख्यतः जबड्याखालच्या ग्रंथी करतात. गालाच्या कॅन्सरमध्ये मानेतल्या गाठी काढताना त्या बाजूची जबड्याखालची ग्रंथी बहुधा काढावी लागते, आणि उरलेल्या ग्रंथींना शेकाची झळ लागते. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते, पण झोपेत तिचे प्रमाण अगदी नगण्य होते. मुळातच कमी असलेली लाळ तुमच्या यजमानांच्या तोंडात रात्री जवळजवळ उरतच नाही. शेकानंतर वर्ष-दोन वर्षे थोडी थोडी सुधारणा होत राहू शकते. पूर्वीसारखे होईलच असे मात्र मी म्हणणार नाही.

आता जे सांगते त्याने तुम्हाला वाईट वाटेल. ती खडीसाखर आज रात्रीपासून बंद करा. लाळ तोंड ओले ठेवते, त्याबरोबरच दातांवरचे आम्ल धुऊन काढते आणि झिजलेल्या दाताला खनिजे परत पुरवते. ती नसताना साखर रात्रभर दातांच्या मुळाशी बसून राहिली, तर काही महिन्यांतच दात हिरडीलगत काळे पडून तुटू लागतात. तुम्ही म्हणाल, एवढ्या मोठ्या दुखण्यातून उठलेल्या माणसाला दाताचे काय मोठे! पण शेक बसलेल्या जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो, त्यामुळे तिथला दात काढला तर जखम भरायला वेळ लागतो, आणि कधी कधी ती भरतच नाही व हाड उघडे पडते. हा धोका वर्षानुवर्षे राहतो. म्हणून शेक देणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणाकडूनही दात काढून घ्यायचा नाही, आणि गावातल्या दंतवैद्याला शेक झाल्याचे तोंड उघडण्याआधीच सांगायचे. दातांच्या मापाच्या साच्यात रोज फ्लोराइडचे जेल लावण्याबद्दलही त्यांना विचारा. लिंबाच्या गोळ्या, आवळासुपारी, चिंच यांनी तोंडाला पाणी सुटते खरे, पण आंबट पदार्थही दात खातात. चघळायचेच असेल तर झायलिटॉलची बिनसाखरेची गोळी चालेल, तीही जागेपणी. तोंडात काही ठेवून झोपायचे नाही.

तांब्याबद्दलही थोडे सांगायचे आहे. माझ्या थोरल्या दिरांच्या आजारपणात मीही असाच तांब्या भरून ठेवत असे, आणि ते तो पहाटेपर्यंत रिकामा करत. त्यातून तोंड पाच मिनिटे ओले राही आणि लघवीला उठणे तेवढे वाढे, कारण पाणी टिकत नाही आणि तोंडात असलेला थोडाफार चिकटपणाही धुऊन नेते. पुढे आम्ही पाण्यासाठी अत्तराच्या बाटलीएवढी फवाऱ्याची बाटली आणली. जाग आली की दोन फवारे मारायचे, तोंडात घोळवायचे आणि कूस बदलायची. झोपण्याआधी कपभर कोमट पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा आणि चिमूटभर मीठ घालून चुळा भरायच्या आणि त्यावर कृत्रिम लाळेचे जेल वाटाण्याएवढे घेऊन जिभेवर आणि गालाच्या आतून पसरायचे. औषधांच्या दुकानात ते मिळते. ऑपरेशननंतर तोंड दोन बोटेही उघडत नसेल तर बोट आत जात नाही. तेव्हा मऊ ब्रशने लावा. ओठांना तूप खुशाल लावा, पण तोंडात तेल-तूप धरून झोपू देऊ नका, गिळताना ठसका लागणाऱ्या माणसाच्या फुप्फुसात ते उतरू शकते. अल्कोहोल असलेले माऊथवॉश तर घरातच ठेवू नका.

रात्री ते तोंडाने श्वास घेतात का, हे एकदा पाहा. नाक चोंदत असेल तर मिठाच्या पाण्याचे थेंब घालावेत, पंख्याचा झोत तोंडावर घेऊ नये. सर्दीच्या काही गोळ्या, झोपेच्या किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिलेली काही औषधे आणि रक्तदाबावरच्या लघवी होण्याच्या गोळ्या यांनीही कोरड वाढते; सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून पुढच्या तपासणीला न्या. स्वतःच्या मनाने काही बंद करू नका. लाळ वाढवणारे पायलोकार्पिन नावाचे औषध आहे, पण ते दमेकऱ्यांना, काही प्रकारच्या काचबिंदूच्या रुग्णांना आणि हृदयविकार असलेल्यांना घातक ठरू शकते, म्हणून ते डॉक्टरांनीच ठरवावे. जिभेवर दह्यासारखा पांढरा थर आला किंवा तोंडाची आग होऊ लागली तर ती बहुधा बुरशी असते आणि औषधाने जाते. मात्र दोन-तीन आठवड्यांत न भरलेला व्रण, नवी गाठ, रक्त, जबड्यात ठणका किंवा पू, गिळताना वाढत जाणारा त्रास, यांपैकी काहीही दिसले तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका.

राहिले बाहेरच्या खोलीचे. तुमच्या यजमानांनी ती निवडली ती तुमच्या काळजीपोटी, पण अर्धवट झोपेत आडव्यानेच पाणी पिताना ठसका लागला तर तिथे त्यांच्याजवळ कोणी नाही. बिछाना आत आणा. ती छोटी बाटली त्यांच्या उजव्या हाताशी, दिवा न लावता सापडेल अशी ठेवा. तिचा आवाज फार तर अत्तर उडवल्याएवढा होतो. तुमची झोप त्याने मोडणार नाही, आणि तुम्ही हे त्यांना पहिल्या रात्रीच करून दाखवू शकता.