भारत-नेपाळ युवा नेतृत्व परिषदेला जाऊन दोन देशांचे संबंध खरंच सुधारतात का?

तुम्ही परभणीत कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहात, काठमांडूला होणाऱ्या भारत-नेपाळ युवा परिषदेसाठी तुमची निवड झाली आहे आणि वडील म्हणतात, 'चार फोटो काढून परत येणार, त्यापेक्षा अभ्यास कर.' अशा परिषदेतून काही निष्पन्न होतं का आणि जावं का, असं तुम्ही विचारलंय. मी लातूरकडच्या औसा तालुक्यातला. काही वर्षांपूर्वी अशाच एका परिषदेला गेलो होतो आणि तिथे भेटलेल्या दोघा-तिघांशी अजूनही कामाचा संबंध आहे. म्हणून सांगतो, जरूर जा.

वडिलांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. उद्घाटनाच्या दिवशी रोटी-बेटीच्या नात्यावर भाषणं होतात, शाली-स्मृतिचिन्हं होतात आणि शेवटी एक ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर होतो. त्या ठरावाने सरकारी पातळीवर काहीही हलत नाही. १९५० च्या मैत्री कराराचा फेरविचार व्हावा म्हणून २०१६ मध्ये दोन्ही देशांनी जाणकारांचा एक गट नेमला. त्या गटाचा अहवाल २०१८ मध्ये तयार झाला आणि तोही पुढे वर्षानुवर्षं स्वीकारला न जाता पडून राहिला. तिथे आपल्यासारख्या पोरांच्या ठरावाला कोण विचारतो? त्यामुळे परिषदेने सीमावाद सुटेल ही अपेक्षा मनातून काढून टाका. तिथे मिळतं ते वेगळं आणि माझ्या मते जास्त टिकाऊ असतं.

आमचं गाव भूकंपानंतर नव्या जागी वसलेलं. माझा जन्म त्यानंतरचा, पण ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आमच्याकडे प्रत्येक घरात सांगितली जाते. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, लोक दमून झोपलेले, आणि ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. सरकारी आकडा ७,९२८ मृत्यूंचा आहे. परिषदेत आपत्ती व्यवस्थापनाच्या गटात माझ्या शेजारी सिंधुपाल्चोक जिल्ह्यातला एक तरुण अभियंता बसला होता. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात नेपाळमध्ये सुमारे नऊ हजार माणसं गेली आणि सर्वाधिक बळी याच जिल्ह्यातले. तो सांगत होता, दुपारचे बारा वाजायला आले होते, लोक शेतात होते, आणि शनिवार असल्यामुळे शाळांना सुट्टी होती. हजारो शाळा पडल्या, पण आत लेकरं नव्हती. आमच्याकडे पहाट होती, त्यांच्याकडे दुपार. केवढा फरक पडला!

गटाची वेळ संपली तरी आम्ही दोघं उठलो नाही. त्याने वहीत भिंत काढली: बाहेरून एक दगडी पदर, आतून एक, मध्ये चिखल आणि चुरा. मी म्हटलं, ही तर आमची भिंत. मग मी त्याला माळवदाचं घर काढून दाखवलं. लाकडी खांब, तुळया, वर फळ्या आणि त्यावर उन्हाळ्यात गारवा राहावा म्हणून फूट-दोन फूट मातीचा थर. किल्लारी परिसरात अनेक ठिकाणी लाकडी सांगाडा उभा राहिला आणि दगडी भिंती तेवढ्या आत कोसळल्या. त्याने लगेच दोन पदरांना बांधणारा आरपार दगड कुठे घालायचा आणि दार-खिडक्यांच्या वरून घरभर फिरणारा पट्टा कसा बांधायचा, हे आकृती काढून समजावलं. नेपाळमध्ये घरबांधणीचं अनुदान तीन लाख नेपाळी रुपये होतं, पण ते तीन हप्त्यांत. अभियंता येऊन काम तपासणार, मगच पुढचा हप्ता. गोरखा आणि नुवाकोट या जिल्ह्यांत ५०,००० घरांसाठी भारताने मदत केली, हे त्याच्याकडूनच मला कळलं. आपल्याकडे किती जणांना ठाऊक आहे?

मीही त्याला आमच्याकडचं सांगितलं. पन्नासहून अधिक गावं पूर्णपणे नव्या जागी नेली. घरं पक्की झाली, रस्ते रुंद झाले, पण जुन्या गल्ल्या मोडल्या. ढेलजेत बसून समोरच्या घराशी बोलणाऱ्या म्हाताऱ्यांचं बोलणं तुटलं. गाव उठवून दुसरीकडे बसवताना काय हातचं जातं, हे त्याला नीट ऐकायचं होतं, कारण दरडींच्या भीतीने त्यांच्याकडेही काही वस्त्या हलवायच्या होत्या. पुढे त्याने मला गवंड्यांच्या प्रशिक्षणाची चित्रं पाठवली. मी त्यांवर मराठीत ओळी लिहून आमच्या भागातल्या गवंड्यांना दाखवतो. लिपी एकच असल्यामुळे निम्मं काम आधीच झालेलं होतं. मार्च २०२४ मध्ये हिंगोलीचा धक्का तुम्हाला परभणीत जाणवलाच असेल. वसमत तालुक्यात पांगरा शिंदेकडचे लोक जमिनीखालच्या आवाजांनी अजूनही धास्तावतात. तेव्हा ही चित्रं आपल्याकडेही हवीत.

संबंध घट्ट होणं म्हणतात ते मला इथे दिसलं.

आता अवघड भाग. सप्टेंबर २०१५ मध्ये नेपाळची नवी राज्यघटना जाहीर झाली, भारताला लागून असलेल्या सखल तराई पट्ट्यात तिथल्या मधेशी लोकांचं आंदोलन पेटलं आणि सीमेवरून मालाची वाहतूक काही महिने अडली. भारत सरकारने नाकेबंदी केल्याचं नाकारलं. काठमांडूत मात्र बहुतेकांची ठाम समजूत उलटी आहे. भूकंपाला पाच महिने झालेले, गॅस नाही, पेट्रोल नाही, औषधांची टंचाई. एका मुलीने जेवणाच्या टेबलावर शांतपणे सांगितलं की त्या हिवाळ्यात तिच्या आईने गच्चीत चूल मांडली होती. तिच्या शेजारचा वीरगंजचा मुलगा मधेशी. त्याची बाजू वेगळी होती, तो म्हणाला आमच्या मागण्यांचं कोणी नावही घेत नाही. दोघांचं एकमेकांशी पटलं नाही आणि माझ्याशीही पूर्ण पटलं नाही, पण ताटावरून कोणी उठलं नाही. तिथे देशाची वकिली करायला धावू नका. सीमेवरच्या लिपुलेख-कालापानी भागाच्या नकाशाचा २०२० चा वाद, २०२२ नंतर चार वर्षांच्या सैन्यभरतीच्या अग्निपथ योजनेमुळे अडलेली नेपाळी गोरख्यांची भरती, हे विषय वाचून जा, म्हणजे समोरचा काय बोलतोय ते कळेल. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या तरुणांच्या आंदोलनानंतर पंतप्रधान के. पी. शर्मा ओलींना पायउतार व्हावं लागलं. त्या पिढीशी बोलताना 'छोटा भाऊ-मोठा भाऊ' ही भाषा तर चुकूनही वापरू नका. त्यांना ती मनापासून खटकते, आणि का खटकू नये?

तुम्ही कृषीचे विद्यार्थी, म्हणून एक विषय आवर्जून न्या: स्थलांतर. नेपाळच्या सकल उत्पन्नाचा सुमारे चौथा हिस्सा बाहेर गेलेल्या माणसांनी पाठवलेल्या पैशांचा असतो. पश्चिमेकडच्या अछाम, बझांगसारख्या जिल्ह्यांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसं भारतात कामाला येतात. आपल्या गावात रात्री शिट्टी वाजवत फिरणारा गुरखा किंवा बसस्थानकाबाहेर चायनीजचा गाडा लावणारा पोरगा महिन्याला भेटतो, पण तो कुठल्या जिल्ह्याचा हे आपण विचारत नाही. आणि आपल्या बीड-परभणीतून दिवाळी झाली की ऊसतोडीला कोयते निघतातच. मुकादमाची उचल, नवरा-बायको मिळून एक कोयता, पाठीमागे शाळेतली लेकरं आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात. हे मी मांडलं तेव्हा नेपाळच्या मुलांनी सर्वात जास्त प्रश्न विचारले, कारण मागे राहिलेल्या लेकरांचं काय करायचं हा त्यांचाही रोजचा प्रश्न आहे. मराठवाड्याचं हे दुखणं सांगायला लाज वाटू देऊ नका. वेरूळ-अजिंठ्याचं सादरीकरण सगळेच करतात.

माझी तक्रार आहे ती परिषदा एकदाच होऊन विरून जातात याबद्दल. फ्रान्स आणि जर्मनीने शतकभरात एकमेकांशी तीन मोठी युद्धं केली. २२ जानेवारी १९६३ ला द गॉल आणि आडेनाउअर यांनी करार केला आणि त्याच वर्षी तरुणांसाठी संयुक्त कार्यालय उभं केलं. दोन्ही सरकारं त्यात निम्मा-निम्मा पैसा घालतात, आणि आजवर ९० लाखांहून अधिक तरुण त्यातून एकमेकांच्या देशात राहून आलेत. दरवर्षी, न चुकता, साठ वर्षं. आपल्याकडे बी. पी. कोइराला भारत-नेपाळ प्रतिष्ठान १९९१ पासून आहे, पण तेवढा आवाका कुठेच नाही. जुन्या पिढीत हे नातं आपोआप जुळायचं. नेपाळचे पहिले लोकनिर्वाचित पंतप्रधान बी. पी. कोइराला बनारसला शिकले आणि १९४२ च्या चले जाव आंदोलनात आपल्या तुरुंगात राहिले. २०२५ मध्ये अंतरिम पंतप्रधान झालेल्या सुशीला कार्कीसुद्धा बनारस हिंदू विद्यापीठाच्या. आता नेपाळची मुलं ऑस्ट्रेलिया, जपानकडे बघतात. म्हणून शेवटच्या सत्रात आयोजकांना उभं राहून विचारा की पुढच्या वर्षी यातलं कोण कुणाकडे राहायला जाणार आहे, आणि खर्च कोण करणार? उत्तर गोलमोल आलं तर तुमच्या गटापुरतं तरी तिथेच ठरवून घ्या. तुमच्या विद्यापीठात कोरडवाहू शेतीचं काम चालतं. त्यांच्या डोंगरउतारावरच्या कोरडवाहू शेतीवाल्यांशी बांधबंदिस्तीवर महिन्यातून एकदा बोलणं, एवढंही पुरे.

व्यवहाराचं थोडं. विमानाने जाणार असाल तर आधार कार्ड चालणार नाही, पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र हवं. मतदार म्हणून नाव नोंदवलं असेल पण कार्ड हातात आलं नसेल तर आजच मागे लागा. शंभर भारतीय रुपयांचे १६० नेपाळी रुपये होतात. मोठ्या भारतीय नोटांवर तिथे बराच काळ बंदी होती, तेव्हा शंभरच्या नोटा नेलेल्या बऱ्या. निघण्यापूर्वी परीक्षेच्या तारखा विभागप्रमुखांकडून लेखी घ्या. वडिलांचा निम्मा विरोध तिथेच मावळेल. त्यांना कुणा गेलेल्या माणसाशी बोलायचं असेल तर मला इथे निरोप टाका, संध्याकाळी सातनंतर मी फोन करेन.