दिवसभर राबतेच की मी, मग पायातली ताकद गेली कुठे?

प्रश्न : माझ्या सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत. गेल्या पावसाळ्यात त्यांना डेंग्यू झाला, चार दिवस दवाखान्यात आणि मग आठवडाभर घरी झोपूनच होत्या. ताप गेला, प्लेटलेट्स वर आल्या, पण तेव्हापासून खुर्चीतून उठायला हात टेकावे लागतात, संडासात नळाला धरून उठतात. फिजिओने घोट्याला वजन बांधून व्यायाम सांगितलाय. त्या म्हणतात मी दिवसभर घरात राबते तो काय व्यायाम नाही का, आणि ह्यांचंही म्हणणं की ह्या वयात वजनं कशाला, संध्याकाळी चार फेऱ्या मारल्या की पुरे. कोणाचं ऐकू? (एक सूनबाई, सातारा)

उत्तर : फिजिओचं ऐका. आणि घरात सांगताना माझं नाव पुढे करा, तुमचं नको :)

आधी त्या पडून काढलेल्या दिवसांचं बघू, कारण खरी चोरी तिथेच झालीय. अमेरिकेत २००७ साली एक अभ्यास छापून आला, त्यात साधारण ६७ वयाच्या चांगल्या धडधाकट माणसांना १० दिवस नुसतं अंथरुणात ठेवलं होतं, ताप नाही काही नाही, जेवण वेळच्या वेळी, तरी दोन्ही पायांचं मिळून जवळपास एक किलो मांस गेलं. सासूबाईंना तर वर ताप होता आणि पोटात बहुतेक पेजच. म्हणजे त्या 'नाटक करतायत' असं घरात कोणी म्हणत असेल तर त्याला आधी गप्प करा.

आता राबण्याचं. त्या राबतात हे शंभर टक्के खरं, पण स्नायूला तुम्ही किती तास उभे होतात याच्याशी देणंघेणं नसतं, त्याच्यावर जास्तीत जास्त भार किती पडला तेवढंच त्याला कळतं. चपात्या लाटणं, कपडे घड्या करणं, भाजी निवडणं याने माणूस दमतो पण मांड्यांना कुठे काय जोर लावावा लागतो? पूर्वी ह्याच बायका उकिडवं बसून फरशी पुसायच्या, खाली बसून भांडी घासायच्या, पाणी शेंदायच्या, जात्यावर बसायच्या. आता उभा ओटा, दांड्याचा मॉप, कमोड. (मी काही जातं परत आणा म्हणत नाहीये, माझ्या आजीचे गुडघे बघितलेत मी.) पण शब्द तोच राहिला, 'राबणं', आणि त्यातला मांडीचा वाटा गुपचूप निघून गेला. शिवाय वयाप्रमाणे जास्त बारीक होतात ते झटकन जोर लावणारे तंतू, म्हणजे पाय अडखळला तर तोल सावरायला जे लागतात तेच, आणि सावकाश फेऱ्या मारताना त्यांना कोणी कामालाच बोलवत नाही.

'ह्या वयात वजनं' याचं उत्तर बोस्टनच्या एका वृद्धाश्रमातून १९९० मध्येच आलंय. दहा जण, सरासरी वय ९०, आठ आठवडे पायांचा चांगला जड व्यायाम, ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट झाली, आणि दोघांची तर काठीच सुटली. गंमत म्हणजे मांडीचा स्नायू भरला फक्त ९ टक्के. बाकीची ताकद आली कुठून, तर मेंदू आणि नसा आहे तोच स्नायू नीट वापरायला शिकल्या. म्हणून महिनाभराने 'पाय काही भरले नाहीत' म्हणून सोडून देऊ नका, दिसायच्या आधी जोर येतो. दहाच माणसं होती हे खरं, पण १९९४ मध्ये त्याच गटाने १०० जणांवर परत करून बघितलं, ताकद आणि चालायचा वेग वाढला. त्यात काही जणांना व्यायाम न देता नुसतं पौष्टिक पेय दिलं होतं, त्यांच्यात काही फरक नाही. पावडरचा महागडा डबा आणून कपाटात ठेवणाऱ्यांनी हे दोनदा वाचा.

फिजिओने दिलंय ते कराच, सोबत एक सोपी गोष्ट. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची, हात छातीशी, उठायचं आणि सावकाश बसायचं. जमत नसेल तर खाली उशी घालून खुर्ची उंच करा, सुरुवातीला शेजारी कोणीतरी उभं राहा. आठ-दहा वेळा, मग विश्रांती, असे दोन-तीन सेट, एक दिवसाआड. शेवटचे दोन जड गेले पाहिजेत, नाहीतर तो नुसता वेळ घालवणं झालं. सोपं वाटायला लागलं की उशी काढा, मग हातात पाण्याची बाटली द्या. श्वास कोंडायचा नाही, उठताना फू करून सोडायचा. बीपी ताब्यात नसेल, छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल तर आधी डॉक्टर. आणि आजच मोबाईलवर वेळ लावा, हात न टेकता पाच वेळा उठबस करायला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर आशियाई तज्ज्ञांच्या २०१९ च्या निकषाप्रमाणे ती कमजोरी धरतात. महिन्याने परत मोजा.

फेऱ्या बंद करू नका हां, हृदयाला, साखरेला त्या हव्यातच. फक्त ते एक खातं झालं आणि ताकदीचं दुसरं, ह्यातले पैसे त्यात जात नाहीत.

खाण्याचं थोडक्यात : ह्या वयात किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे ५० किलोच्या बाईला दिवसाला ५०-६० ग्रॅम. पातळ आमटीने ते होत नाही. घट्ट वरण, दही, उसळ, चालत असेल तर अंडं (एकात साधारण ६ ग्रॅम). उपवास खूप करत असतील तर लक्षात घ्या, साबुदाण्यात प्रोटीन जवळपास नाहीच, खिचडीत जे असतं ते दाण्याच्या कुटाचं. किडनीचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच वाढवा.

प्रश्न : वय ४४, आयटीत आहे, रोज १०,००० पावलं होतात, वजनही नॉर्मल, पण हातपाय काडी आणि पोट पुढे. जिम लावायलाच पाहिजे का? (पुणे)

उत्तर : तुमच्याच शहरातली गोष्ट सांगतो. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता, दोघांचा बीएमआय (म्हणजे उंचीच्या मानाने वजन) २२.३, अगदी सेम, पण चरबी एकाची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिक सरांची २१.२. वजनकाटा नॉर्मल म्हणतो म्हणजे आत सगळं ठीक असं नाही, आपल्याकडे तर नाहीच. आणि ते १०,००० चं म्हणाल तर तो आकडा १९६५ च्या सुमाराला जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकताना प्रसिद्ध झाला. चालणं चांगलंच, पण काडी हातांना पावलांचा काय उपयोग. जिमच पाहिजे असं नाही, आठवड्यातून दोन दिवस घरी बैठका, भिंतीवर आणि मग जमिनीवर पुशअप, पाठीवरच्या सॅकमध्ये पुस्तकं भरून जिने, एवढ्याने सुरुवात होते. तीन महिन्यांनी कमरेचं माप कळवा, वजन नको.