पेशीला ‘तणाव’ येतो की तिच्यावर ‘ताण’ पडतो?

विट्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या ताईंचा प्रश्न आहे. विज्ञान दिनाच्या भित्तिपत्रकासाठी मुलांनी विषय निवडलाय: जिवंत पेशींवर संकट आलं की त्या काय करतात, आणि हे शोधून काढणारे शास्त्रज्ञ कोण. इंग्रजी मजकुरात जागोजागी ‘स्ट्रेस’ आहे. काही मुलांनी त्याचं ‘पेशींचा तणाव’ केलं, काहींनी ‘ताण’, एकीनं ‘दडपण’. तेवढ्यात नववीतला एक पठ्ठ्या उठून म्हणाला, “मॅडम, पेशीलाबी टेन्शन येतं व्हय?” वर्ग हसला, पण शब्द काही ठरला नाही. त्यातच ‘हीट शॉक प्रोटीन’ आणि ‘शॅपरोन’ यांना मराठीत काय म्हणायचं, हेही ताईंनी विचारलंय.

ताई, उत्तर आधीच सांगून टाकतो: ‘ताण’. तो कोशातून शोधून आणायची गरज नाही. तुमच्या शेजारच्याच आटपाडी तालुक्यात डाळिंबवाले तो नेमक्या याच अर्थानं रोज वापरतात. तिकडे वळतोच, पण आधी ‘तणाव’चा निकाल लावू.

‘तणाव’ चूक म्हणून खोडू नका, पण त्याचा स्वभाव निराळा आहे. पेपरात ‘गावात तणाव’ अशी बातमी आली की आपण समजून जातो: दोन गट समोरासमोर आलेत, चौकात पोलिसांची गाडी उभी आहे, आणि उद्याच्या अंकात ‘तणावपूर्ण शांतता’ असणार. तणावाला दोन बाजू लागतात. ‘पेशींमध्ये तणाव’ वाचलं की मला तरी यकृताच्या आणि मूत्रपिंडाच्या पेशी काठ्या घेऊन उभ्या दिसतात. मनाच्या संदर्भात तो चालतो, ‘तणावमुक्ती’ची शिबिरं भरतातच; तिथं तो हिंदीतल्या ‘तनाव’च्या वळणानं रुळला, असं माझं मत. आपल्या जुन्या मराठीत ‘तणावा’ म्हणजे तंबूची दोरी. फारसी ‘तनाब’वरून आलेला शब्द. ‘ताण’ मात्र संस्कृत ‘तन्’ धातूच्या घरातला. दोघांचं रक्ताचं नातं नाही, पण खुंटीला ओढून बांधलेली दोरी बघून कुणालाही ते सख्खे भाऊच वाटतील.

‘दडपण’ यायला मन लागतं, आणि पेशीला ते नाही. ‘दाब’ तर नकोच, कारण पेशीत खराखुरा दाब असतो आणि मग घोळ होईल.

आता आटपाडी. डाळिंबाला वर्षात तीन बहार येऊ शकतात: मृग, हस्त आणि आंबे. तिन्ही येऊ दिले तर झाड दमतं आणि माल बारीक राहतो, म्हणून शेतकरी एकच बहार धरतो. त्यासाठी बागेचं पाणी तोडायचं. जमीन हलकी की भारी ते बघून महिना, दीड महिना. पानं पिवळी पडतात, गळायला लागतात. मग छाटणी, खत, आणि बेताबेतानं पहिलं पाणी. त्यानंतर झाड कळ्यांनी लगडतं. पाणी तोडणं हे ‘ताण देणं’. तशी बाग ‘ताणावर’ असते. पहिलं पाणी सोडणं हे ‘ताण तोडणं’. लहानपणी सुट्टीत मामाकडं गेलो की पाटाच्या पाण्यात खेळायची आमची हौस, आणि मामाचा ठरलेला दम: “बाग ताणावर सोडलीया, पाण्याला हात लावू नगंसा.” मला वाटायचं बाग रुसून बसलीय. पुढं कॉलेजात ‘वॉटर स्ट्रेस’ नावाचा धडा आला तेव्हा कळलं की मामा हेच सांगत होता, आणि पुस्तकापेक्षा नेमकं सांगत होता.

नेमकेपणा आहे तो क्रियापदात. पाऊस दडी मारून बसला आणि शाळू वाळायला लागला, तर पिकाला ताण ‘पडला’ किंवा ‘बसला’. कुणी ठरवून केलेलं नाही. बागेला ताण ‘दिला’ म्हटलं की तो माणसानं मुद्दाम, दिवस मोजून दिलेला. आणि ताण ‘आला’ तो मन असलेल्याला, परीक्षेच्या आदल्या रात्री. (‘ताण घेऊ नको’ हे अलीकडचं, ‘टेन्शन मत लो’चं भावंड.) इंग्रजीत सगळीकडे एकच ‘स्ट्रेस’. म्हणून तुमच्या त्या पठ्ठ्याला सांगा, पेशीला ताण येत नाही, पेशीवर तो पडतो. आणि ‘पेशींचा ताण’ लिहू नका, ‘पेशींवरचा ताण’ लिहा. नाहीतर पेशींनीच कुणाला तरी ताण दिल्यासारखं वाटतं.

गंमत अशी की भित्तिपत्रकातल्या शास्त्रज्ञांच्या गोष्टीही ‘पडणं’ आणि ‘देणं’ या दोन क्रियापदांत वाटून घेता येतात.

ताण पडला, ती गोष्ट फेरुच्चो रितोसाची. हा इटालियन संशोधक १९६०च्या आसपास चिलटांच्या लाळग्रंथीतली मोठाली गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली बघत असे. मुलांनी इथं ‘फ्रूट फ्लाय’चं ‘फळमाशी’ केलं असेल तर बदलून घ्या. आपल्याकडच्या शेतकऱ्याची फळमाशी म्हणजे पेरू-आंब्यात अंडी घालणारी कीड, तिचं घराणं वेगळं. रितोसाची माशी म्हणजे पिकल्या केळ्यांवर घोंगावणारं चिलट. तर प्रयोगशाळेत कुणीतरी उबवणपेटीचं तापमान वाढवून ठेवलं होतं. रितोसाला गुणसूत्रांवर भलत्याच जागी फुगवटे दिसले. एरवी गप्प असलेली जनुकं एकदम कामाला लागली होती. एका नामांकित नियतकालिकानं हे निरीक्षण बिनमहत्त्वाचं म्हणून परत धाडलं. शेवटी १९६२ साली ते ‘एक्सपीरिएन्शिया’त छापून आलं. त्या जनुकांपासून ठरावीक प्रथिनं तयार होतात, हे आल्फ्रेड तिसिएर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली दाखवलं. हीच ती ‘हीट शॉक प्रोटीन’. पुढं जिवाणूंपासून माणसापर्यंत जिथं बघावं तिथं हीच तऱ्हा सापडली.

ताण दिला, ती गोष्ट जपानच्या योशिनोरी ओसुमींची. त्यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला यीस्टच्या पेशींना मुद्दाम उपाशी ठेवलं. पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे माल साठवायच्या आणि पचवायच्या कप्प्यात, पचनाचं काम करणारी विकरं ज्यांच्यात नव्हती असं यीस्ट त्यांनी निवडलं होतं, म्हणजे आत गेलेला माल पचणार नाही, साठून राहील आणि दिसेल. काही तासांत रिक्तिका बारक्या पिशव्यांनी भरून गेली. उपाशी पेशी स्वतःचेच तुकडे बांधून पचवायला नेत होती. याला पुस्तकी शब्द ‘स्वभक्षण’, आणि तो बरोबरच आहे. पण आपल्याकडे ‘मोडून खाणं’ असा वाक्प्रचार आहे. बहात्तरच्या दुष्काळात आटपाडी, जत, माण भागात किती घरांनी डोरली-पाटल्या मोडून खाल्ल्या, हे मुलांच्या आजीला विचारा. पेशीचंही तेच: वाईट दिवसांत घरातलं मोडायचं आणि तग धरायचा. ओसुमींना या कामासाठी २०१६चं नोबेल मिळालं. कंसात का होईना, ‘मोडून खाणं’ लिहाच.

इथं एखादे चौकस सर आडवा प्रश्न टाकतील, आणि तो मलाही फार आवडतो. पाणी भरपूर असतं तेव्हा वनस्पतीची पेशी आतून भिंतीवर रेटत असते, सायकलच्या टायरमध्ये ट्यूब रेटते तशी. पान ताठ राहतं ते त्यामुळं. पाणी तोडलं की हा रेटा ओसरतो, भिंत सैल पडते, पान मान टाकतं. म्हणजे शब्दाला धरून बघायचं तर ताण दिल्यावर पेशीतला ताण चक्क निघून जातो! मग शब्दच उलटा नाही का? उलटा नाही, फक्त ताण कुठं आहे ते बघायला हवं. मुळापासून पानापर्यंत बारीक नळ्यांतून पाण्याचा सलग धागा गेलेला असतो. वर पानातून वाफ जातेय, खाली माती पाणी सोडायला तयार नाही. मधला धागा दोन्हीकडून ओढला जातो. तिथं खराखुरा ताण आहे, आणि फारच ओढला तर तो धागा तुटतोही. तो तुटू नये म्हणून झाड अ‍ॅब्सिसिक आम्ल हे संप्रेरक तयार करतं आणि पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रं, मिटून घेतं. मामाला यातलं काही माहीत नव्हतं, पण ‘फार ताणलं तर बाग हातची जाते’ हे पक्कं माहीत होतं.

भौतिकशास्त्राच्या सरांची हरकत वेगळी असेल. त्यांच्याकडे ‘स्ट्रेस’ला ‘प्रतिबल’ आणि त्यानं वस्तूच्या आकारात होणाऱ्या बदलाला, म्हणजे ‘स्ट्रेन’ला, ‘विकृती’ असे शब्द ठरलेले आहेत, आणि ‘ताण’ हा ‘टेन्शन’साठी, जसं ‘पृष्ठताण’. त्यांचं त्यांच्या जागी बरोबर आहे. पण ‘पेशींवरील प्रतिबल’ लिहिलंत तर भित्तिपत्रक फक्त तेच सर वाचतील. मुळात ‘स्ट्रेस’ शरीराच्या संदर्भात रूढ केला तो मॉन्ट्रियलच्या हान्स सेल्ये यांनी. त्यांचं गाजलेलं पहिलं टिपण १९३६चं, ‘नेचर’मधलं. जन्म व्हिएन्नाचा, इंग्रजी ही काही मातृभाषा नव्हे. आपलं इंग्रजी बरं असतं तर आपण ‘स्ट्रेन’ म्हटलं असतं, असं पुढं ते म्हणत, अशी गोष्ट सांगितली जाते. बाहेरच्या कारणासाठी त्यांना ‘स्ट्रेसर’ असा नवा शब्द पाडावा लागला. तुम्हाला तो लागला तर ‘ताणकारक’ म्हणा. ऊन, उपास, मीठ, विष हे सगळे ताणकारक. पेशी जे करते त्याला ‘ताणाला प्रतिसाद’ पुरे.

‘हीट शॉक’साठी मात्र एक शब्द कटाक्षानं टाळा, तो म्हणजे ‘उष्माघात’. तो रोगाला दिलेला आहे. एप्रिलमध्ये जतच्या रस्त्यावर माणूस चक्कर येऊन पडतो तो उष्माघात. ‘उष्माघात प्रथिन’ वाचून कुणालाही वाटेल की या प्रथिनामुळंच ऊन लागतं. प्रत्यक्षात ते वाचवायला धावलेलं असतं. ‘उष्माधक्का प्रथिन’ म्हणा. कानाला जरा खडबडीत लागतं, पण गैरसमज होत नाही.

आणि आता माझा लाडका शब्द, ‘शॅपरोन’. आधी काम समजून घेऊ. प्रथिन ही लांब साखळी असते आणि तिची ठरावीक घडी पडली तरच ती कामाची. उष्णतेनं घडी विस्कटते, आत दडवलेले चिकट भाग उघडे पडतात, आणि साखळ्या एकमेकींना चिकटून गोळा होतो. अंडं उकडल्यावर पांढरं घट्ट होतं ते असंच. उष्माधक्क्याची बरीचशी प्रथिनं या उघड्या पडलेल्या साखळ्यांना धरून ठेवतात, नको त्या सलगीपासून लांब ठेवतात आणि घडी नीट बसायला मदत करतात. (जाता जाता: इथं ‘घडी विस्कटली’ म्हणा, ‘घडी मोडली’ नको. नव्या लुगड्याची घडी मोडतात, आणि ते काम आनंदाचं असतं.) रॉन लॅस्कीनं १९७८ साली एका प्रथिनाला ‘मॉलिक्युलर शॅपरोन’ म्हटलं, आणि जॉन एलिसनं १९८७ साली ते नाव या सगळ्या जमातीला दिलं. इंग्रजीतली शॅपरोन म्हणजे समारंभात तरुण मुलींवर नजर ठेवणारी पोक्त बाई.

आपल्याकडं यापेक्षा सरस शब्द आहे: पाठराखीण. मुलगी लग्न होऊन सासरी निघाली की तिच्याबरोबर घरातली एखादी जाणती बाई नाहीतर बहीण जाते, नव्या घरात तिला बुजू देत नाही, चार दिवस राहते आणि मुलगी रुळली की माहेरी परतते. शॅपरोनच्या व्याख्येत हा परतण्याचा भागच महत्त्वाचा आहे: घडी बसवायला मदत करायची, पण तयार झालेल्या वस्तूत स्वतः राहायचं नाही. इंग्रजी उपमेत हे येत नाही, आपल्या शब्दात आपोआप येतं. ‘करवली’ लिहू नका. तिचा मान लग्नापुरता, सासरी राहून सांभाळणं हे तिचं काम नव्हे. व्याकरणाची अडचण वाटली, कारण प्रथिन नपुंसकलिंगी, तर ‘पाठराखं प्रथिन’ करा. मी मात्र ‘पाठराखीण’च ठेवीन. वर्गातल्या निम्म्या मुली कधी ना कधी पाठराखीण म्हणून जाऊन आलेल्या असतील, त्यांना समजावून सांगावं लागणार नाही.

राहिलं ‘पेशी’. वाईच्या विश्वकोशात ‘कोशिका’ आहे, पाठ्यपुस्तकात ‘पेशी’. मुलांच्या हातात पाठ्यपुस्तक आहे, तेव्हा ‘पेशी’ ठेवा. फक्त हिंदी पुस्तकातून मजकूर घेत असाल तर जपा, तिकडे ‘पेशी’ म्हणजे स्नायू.

मथळा ‘ताण पडल्यावर पेशी काय करते?’ असा द्या. आणि एक उलट विचारणा: आटपाडीकडं पहिल्या पाण्याला ‘ताण तोडणं’ म्हणतात, तासगावच्या द्राक्षवाल्यांकडूनही मी तेच ऐकलंय. विटा-खानापूरकडं यासाठी दुसरा काही शब्द असेल तर मुलांना घरी विचारायला सांगा आणि मला कळवा.